मीटर स्मार्ट झाला, पण लाईट गेल्यावर फोन मलाच करावा लागतो

सांजवात (धागाकर्ती)

बँकेतून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. घर कोल्हापुरात, फुलेवाडीला, एका बोळात. जूनमध्ये मी महाद्वार रोडला गेले होते, परत येऊन बघते तर जिन्याखालचा जुना मीटर काढून तिथे नवा बसवलेला. शेजारच्या वहिनींनी सही केली म्हणे. कशावर केली, ते त्यांनाही सांगता येईना.

गेल्या महिन्यात रात्री साडेदहाला लाईट गेली. मी मुद्दाम फोन केला नाही. म्हटलं, मीटर स्मार्ट आहे ना, तो कळवेल की. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला. समोरच्या ओळीत पंखे फिरत होते, आमच्या बाजूची चार घरं तेवढी अंधारात. शेवटी फोन लावला तर पलीकडून पहिला प्रश्न, "शेजारी लाईट आहे का?" अहो, हे तुम्हाला माहीत असायला हवं ना आता?

मग मी आकडेमोड करायला बसले, जुनी खोड. वीज नियामक आयोगाच्या दर आदेशानंतर १ जुलै २०२५ पासून असा मीटर असलेल्या घरगुती ग्राहकाला सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या युनिटमागे ८० पैशांपासून सवलत आहे. आमचा वापर महिन्याला १८० युनिटच्या आसपास. ॲपमध्ये तासातासाचे आकडे दिसतात, त्यात ९ ते ५ चे निघाले ५५. म्हणजे सवलत ४४ रुपये. पुढच्या महिन्यात गिझर नऊनंतर, धुण्याचं मशीन दुपारी, इस्त्रीही दुपारीच. ५५ चे ८५ युनिट झाले, सवलत ६८ रुपये. म्हणजे महिनाभर ह्यांना आंघोळीसाठी ताटकळत ठेवून मी जास्तीचे कमावले २४ रुपये. ह्यांचं म्हणणं, त्यात भेळसुद्धा येत नाही.

तर प्रश्न सरळ आहे. हे "स्मार्ट ग्रिड, स्मार्ट ग्रिड" जे चाललंय, त्यात माझ्यासारखीला काय मिळतं आणि गावाला काय मिळतं? जाणकारांनी प्रकाश टाकावा. (आत्ता आमच्याकडे आहे.)

तिखट_भडंग

ताई, तुम्हाला २४ रुपये तरी सुटले. माझं ऐका. मेपर्यंत महिन्याला २१० च्या आसपास युनिट यायचे. जूनमध्ये नवा मीटर लावला आणि जुलैचं बिल आलं ३४० युनिटचं. माणसं तीच, पंखे तेच. ३०० ओलांडले की वरचा स्लॅब, त्यामुळे रुपयांत तर विचारूच नका. तक्रार केली तर काउंटरवरचा म्हणतो, "पावसाळ्यात वापर वाढतो." कोल्हापूरच्या पावसाळ्यात काय वाढतं हो? शेवाळ वाढतं.

आणि आमच्या गल्लीत रीडिंग घ्यायला येणारा पोरगा होता, एका ठेकेदाराकडे. त्याचं काय झालं, हे कुणी विचारलं का?

रविवारची_मिसळ

+१ बिलाबाबत. आमचंही वाढलंय, पण आमच्याकडे नवीन एसी आलाय त्यामुळे गप्प आहे.

भट्टीवाला

ताई, घरगुती बिलात ही गंमत २४ रुपयांची वाटते, आमच्याकडे तीच गंमत घर चालवते किंवा बसवते. शिरोलीला माझी छोटी फाउंड्री आहे, लोखंड ओतायचा कारखाना. इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळवायला सहाशेच्या आसपास युनिट लागतात. त्यामुळे कुठल्या तासाला किती दर, हे आम्ही पंचांगासारखं बघतो. वेळेनुसार दर उद्योगांना नवीन नाही, कित्येक वर्षं आहे. पूर्वी रात्री दहा ते सकाळी सहा वीज स्वस्त, म्हणून सगळी शिरोली, गोकुळ शिरगाव रात्री ओतायची. कामगारांच्या पाळ्या, डबे, सगळं त्या घड्याळावर बसवलेलं. आता सवलत रात्रीची जाऊन दुपारची झाली. आमची घडी विस्कटली आणि मी सुरुवातीला चार शिव्याही दिल्या.

पण कारण समजून घ्या. पूर्वी रात्री मागणी पडायची आणि कोळशाची केंद्रं तर एकदम बंद करता येत नाहीत, म्हणून रात्रीची वीज पडेल भावात. आता सौरऊर्जा इतकी आलीय की दुपारी वीज उरते आणि सूर्य मावळला की टंचाई. बाजारातही तेच. वीज खरेदी-विक्रीच्या एक्स्चेंजवर नेहमीच्या सौद्यात वीज युनिटमागे १० रुपयांच्या वर विकता येत नाही, अशी मर्यादा घातलेली आहे. संध्याकाळी सगळ्यांच्या घरात दिवे, टीव्ही, मिक्सर एकदम लागले की भाव त्या मर्यादेला जाऊन टेकतो. दुपारी तोच निम्म्याच्याही खाली. ही महाग वीज कुणाच्या खिशातून जाते? इंधन समायोजन आकार म्हणून तुमच्या-माझ्या बिलात येते. तुम्ही दुपारी इस्त्री केली तर २४ रुपये तुम्हाला मिळाले हे खरं, पण संध्याकाळी जी युनिटं विकत घ्यावी लागली नाहीत त्याचा हिशेब तुमच्या ॲपमध्ये दिसत नाही.

एक गोष्ट मात्र मला पटत नाही. दर वेळेवर लावायचा तर वीजही वेळेवर द्या. भट्टीत माल वितळलेला असताना दोन तास लाईट गेली तर धातू आत गोठतो, भट्टीचं आतलं लायनिंग फुटतं. त्याला सवलत कोण देणार?

काळी_माती

भट्टीवाले, तुमचं घड्याळ विस्कटलं म्हणताय, आमचं कधी बसलंच नव्हतं. शिरोळ तालुक्यात ऊस आहे माझा. शेतीची लाईट काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्री दोनला मोटर चालू करायला उसात जाणाऱ्याला विचारा ग्रिड म्हंजे काय. आमच्यात साप-विंचू, राधानगरी-भुदरगडकडं गवा. दिवसा वीज द्या म्हणून कोल्हापुरात किती आंदोलनं झाली ते सगळ्यांनी बघितलंय.

स्मार्ट म्हंजे काय ते आमच्या म्हाताऱ्यास्नी २००५ च्या सुमारासच कळलं होतं. अक्षय प्रकाश योजना आठवती का कुणाला? भारनियमनाचा काळ. गावानं ठरवायचं की संध्याकाळच्या येळंला कुणी मोटर लावायची न्हाई, आकडा टाकायचा न्हाई, आणि बदल्यात गावातली घरगुती लाईट जाणार न्हाई. कसलं ॲप न्हाई, कसला मीटर न्हाई. एकानं जरी मोटर लावली तरी डीपीवर, म्हंजे ट्रान्सफॉर्मरवर, लोड कळायचा आणि चावडीत त्याचं नाव निघायचं. पोरं अभ्यासाला बसायची. ही जी भट्टीवाल्यांनी सांगितली तीच युक्ती, संध्याकाळचा लोड उचलून दुसरीकडं ठेवायचा. फरक इतकाच, तवा गावाला विचारून केलं होतं.

पिन_इन्सुलेटर

काळी माती, तुमच्या पोस्टला माझा नमस्कार. अक्षय प्रकाशच्या वेळी मी उपकेंद्रात ऑपरेटर होतो, आता घरी बसलोय. संध्याकाळी फीडरचा, म्हणजे उपकेंद्रातून गावांकडे जाणाऱ्या लाईनचा, अँपिअर मीटर बघून आम्ही ओळखायचो, कुठल्या गावानं शब्द मोडला.

सांजवातताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर देतो, जरा लांबेल.

मीटर म्हणजे ग्रिड नव्हे. ग्रिड म्हणजे वीजकेंद्रापासून घरापर्यंतचं अख्खं जाळं, मीटर हे त्याचं शेवटचं टोक. मधला सगळा रस्ता आंधळा असेल तर टोकाला डोळा लावून उपयोग थोडाच. आमच्या काळी ११ केव्हीचा फीडर पडला की काय करायचो ते सांगतो. ब्रेकर पडला, एकदा ट्रायल घ्यायची, म्हणजे परत चालू करून बघायचं. परत पडला म्हणजे फॉल्ट खरा. मग लाईनमन सायकलवर, नंतर मोटरसायकलवर. अर्ध्यात जाऊन एबी स्विच, म्हणजे खांबावरचा लाईन तोडायचा स्विच, पाडायचा, फोन करायचा, "घ्या ट्रायल." राहिला म्हणजे फॉल्ट पुढच्या अर्ध्यात. मग त्यातला अर्धा. असं करत करत एक फुटलेला पिन इन्सुलेटर (खांबावर तार ज्याच्यावर बसते तो) सापडायला पावसाळ्यात दोन-तीन तास जायचे. तोवर फॉल्टशी काहीही संबंध नसलेली पाच गावं अंधारात. (माझा आयडी त्याच्यावरूनच घेतलाय, आयुष्य त्याला शोधण्यात गेलं.)

आता फीडरवर ठिकठिकाणी फॉल्ट दाखवणारी उपकरणं बसवता येतात. ज्या टप्प्यातून फॉल्टचा करंट गेला तिथला दिवा लागतो आणि संदेशही जातो. शहरात रिंग मेन युनिट, म्हणजे दोन्ही बाजूंनी वीज घेता येईल अशी स्विचची पेटी, असेल आणि ते लांबून चालवता येत असेल, तर खराब तुकडा दोन्हीकडून तोडून बाकीच्यांना दुसऱ्या बाजूनं वीज देता येते. तीन तास अंधारात बसणाऱ्या पाच गावांपैकी चारांना काही मिनिटांत लाईट. ग्राहकाला मिळणारा खरा फायदा हा. तो बिलात दिसत नाही म्हणून कुणी मोजत नाही.

तुमचा फोनचा प्रश्न. या मीटरांत सोय असते, वीज गेली की मरताना एक शेवटचा संदेश पाठवायचा. इंग्रजीत त्याला 'लास्ट गॅस्प', म्हणजे शेवटचा आचकाच म्हणतात, खोटं नाही सांगत. चार घरांच्या मीटरांनी आचका दिला आणि पाचव्यानं नाही, तर ऑफिसात बसून कळतं की डीपीवरचा एक फ्यूज गेलाय. म्हणजे सोय आहे. पण तो संदेश रात्रपाळीच्या माणसाच्या पडद्यावर आला पाहिजे, त्याला तो बघायला सांगितलेलं पाहिजे, आणि जनमित्राच्या, म्हणजे लाईनमनच्या, गाडीत पेट्रोल पाहिजे. यातलं एक जरी नसेल तर मीटर बोलतो आणि ऐकणारा कोणी नाही.

राधानगरीचे दरवाजे बघा. सात स्वयंचलित दरवाजे आहेत, धरण भरलं की पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात. कुणाला फोन करत नाहीत. जुन्या ग्रिडचा ब्रेकरही तसाच, फॉल्ट आला की आपोआप पडतो. इथवर आपण शंभर वर्षांपूर्वीच शहाणे होतो. पण कुठला दरवाजा उघडला, किती पाणी सुटलं आणि ते राजाराम बंधाऱ्याला कधी पोचणार, हे खालच्या गावाला वेळेत कळणं ही वेगळी गोष्ट. स्मार्ट ग्रिड म्हणजे ती दुसरी गोष्ट.

सांजवात

काका, "मीटर बोलतो आणि ऐकणारा कोणी नाही" हे मी लिहून ठेवतेय.

धरणाच्या पाण्याचा विषय निघालाच आहे तर महापुराचं विचारते. २०१९ ला आमच्या बहिणीकडे, शाहूपुरी कुंभार गल्लीकडे, पाणी तर जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंतच होतं, पण वीज संपूर्ण भागाची बंद. वरच्या मजल्यावर आजारी सासूबाई. असे मीटर असते तर ज्यांच्या घरात पाणी शिरलं तेवढ्यांचीच लाईट लांबून बंद करता आली असती ना?

पिन_इन्सुलेटर

नाही. आणि हे नीट समजून घ्या, कारण ही चूक जिवावर बेतेल.

मीटरच्या आत जो लांबून उघडता येणारा स्विच असतो तो तुमच्या घराकडची बाजू तोडतो. खांबावरून मीटरपर्यंत येणारी सर्व्हिस वायर जिवंतच राहते. मीटर पाण्यात गेला तर आतला स्विच उघडा असला काय, बंद असला काय, टर्मिनल पाण्यात जिवंत आहेत. म्हणून पुराच्या पाण्यात डीपीवरूनच बंद करावं लागतं. आम्ही करत होतो ते बरोबरच होतं, फक्त फार मोठा तुकडा बंद करावा लागायचा.

उपयोग होईल तो असा. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, हे इथं शाळकरी पोरालाही पाठ आहे. कुठल्या फुटाला कुठल्या बोळात पाणी येतं हेही २००५, २०१९ आणि २०२१ नं शिकवलंय. मग प्रत्येक डीपीचा चौथरा किती उंचीवर आहे आणि तिच्यावर कुठली घरं आहेत, ही यादी तयार असेल आणि डीपी लांबून बंद करता येत असेल, तर पाणी चढेल तसतसं एकेक रोहित्र सोडत जाता येईल. तुमच्या बहिणीची ओळ शेवटपर्यंत चालू राहिली असती किंवा निदान बारा तास उशिरा गेली असती. सासूबाईंना हलवायला तेवढा वेळ पुरतो. आता "कुठलं घर कुठल्या डीपीवर" ही यादी किती ठिकाणी खरी आहे, ते मला विचारू नका. जनगणनेसारखं घरोघर फिरून करायचं काम आहे ते. नवीन मीटर बसवताना ही यादी आपोआप दुरुस्त करून घेता येते, हा माझ्या मते या सगळ्या खटाटोपातला सगळ्यात मोठा फायदा आणि त्याची जाहिरात कुठंच नाही.

शिवाय शिंगणापूर, बालिंगा ही पाणी उपसा केंद्रं बुडाली की अख्ख्या शहराला प्यायला पाणी नाही. पाण्यात वेढलेलं शहर टँकरची वाट बघत बसलेलं आपण सगळ्यांनी पाहिलंय. पाणी उतरल्यावर पहिली वीज कुणाला द्यायची, हा क्रम आधी ठरलेला असणं यालाही मी स्मार्टच म्हणेन.

तिखट_भडंग

काका, तुम्ही चांगलं समजावताय, पण माझ्या ३४० युनिटचं काय? सगळे ग्रिडबद्दल बोलताहेत, मी बिल भरतोय.

घाटावरून_पुण्यात

भडंग भाऊ, सोपा उपाय. शेजारी चेक मीटर लावून मागा. जुन्या पद्धतीचा मीटर मालिकेत जोडतात, दोन्हीतून तीच वीज जाते, पंधरा दिवसांनी आकडे ताडून बघायचे. आणि तोवर ॲपमधला तासातासाचा आलेख बघा. रात्री दोन ते चार या वेळेत किती युनिट जातात ते बघा, घरातले सगळे झोपलेले असतात तेव्हा. माझं कामच या प्रकारच्या सॉफ्टवेअरचं आहे (दुसऱ्या देशातल्या ग्राहकांसाठी), म्हणून थोडं लिहितो.

हे सगळं आपण पहिल्यांदा करत नाही. इटलीत २००० च्या दशकात तीन कोटींच्या वर मीटर बदलले गेले आणि तिथं मुख्य हेतू चोरी आणि रीडिंगचा खर्च हाच होता. उलट नेदरलँड्समध्ये सक्तीचा कायदा २००९ मध्ये वरिष्ठ सभागृहानंच अडवला, कारण खासगीपणा. लोकांनी विचारलं, माझ्या घरात कधी दिवा लागतो हे दुसऱ्याला का कळावं? शेवटी सक्ती काढून टाकावी लागली.

हा प्रश्न इथंही आहे. अर्ध्या तासाच्या आकड्यांवरून घर कधी बंद असतं, गणपतीला लोक गावी कधी गेले, घरात रात्री कोण जागतं, हे सगळं कळतं. आपल्याकडे २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायदा आहे. पण माझे आकडे कंपनीत कोण बघतं आणि मीटर बसवणाऱ्या ठेकेदाराकडे किती दिवस राहतात, हे ग्राहकाला एका पानावर साध्या मराठीत मिळालं पाहिजे. सांजवात काकू, शेजारच्या वहिनींनी ज्यावर सही केली ते हेच पान असायला हवं होतं.

काळी_माती

आमची काय प्रायव्हसी? मोटर कवा चालू झाली ते चार शिवारांत ऐकू जातंय.

छपरावरचा_सूर्य

वाचतोय. माझी वेगळी रड आहे. सूर्यघर योजनेतून तीन किलोवॅटचं सोलर बसवलं, ७८ हजार अनुदान आलं, सगळं व्यवस्थित. पण आमच्या कॉलनीत एका डीपीवर अशी आता अकरा छपरं झालीत. रविवारी दुपारी सगळे झोपलेले, वापर कमी, आणि अकराही छपरं वीज ढकलताहेत. व्होल्टेज चढत चढत २५८ वर गेलं की माझा इन्व्हर्टर स्वतःला बंद करून घेतो. ऐन उन्हात बंद! पाच-दहा मिनिटांनी परत चालू, परत बंद. डीपीपासून मी लांब टोकाला असल्यामुळे मलाच जास्त त्रास. तक्रार केली तर माणूस येतो सकाळी दहाला, तेव्हा व्होल्टेज २३५. "तुमचं सगळं बरोबर आहे."

दुसरं, लोक विचारतात, तुझ्याकडे सोलर आहे तर लाईट गेल्यावर तुझं घर का अंधारात? ते मात्र बरोबर आहे. लाईन दुरुस्त करायला चढलेल्या माणसाला माझ्या छपरावरच्या विजेचा झटका बसू नये म्हणून इन्व्हर्टर आपोआप तुटतो.

पिन_इन्सुलेटर

शेवटच्या परिच्छेदाबद्दल सगळ्या लाईनमन मंडळींच्या वतीनं आभार. तो नियम रक्तानं लिहिलेला आहे.

तुमच्या २५८ चं उत्तर तुमच्या मीटरमध्येच आहे. नवा मीटर व्होल्टेजही नोंदवतो. रविवारी दुपारी दोनचा आकडा ऑफिसात बसून काढता येतो, माणूस पाठवायची गरज नाही. रोहित्राचा टॅप (व्होल्टेज कमी-जास्त करायची सोय) एक पायरी खाली घेतला किंवा अकरा छपरं तीन फेजांत नीट वाटली तर बहुतेक भागेल. आमच्या वेळी एका फेजवर सगळी गल्ली आणि दुसरा मोकळा असं सर्रास असायचं. उन्हाळ्यात रात्री डीपी जळायची ती याच्याचमुळे. कुठल्या फेजवर किती ओझं आहे हे आधी कळलं तर जळायच्या आधी वाटून घेता येतं. रोहित्र जळलं की लाखांचा चुराडा, तोही शेवटी वीजदरातच येतो.

आणि अजून एक, काळी मातींना आवडणार नाही असं. डीपीवर मीटर आणि घरोघर मीटर, दोन्हीची बेरीज जुळली नाही की गळती कुठं आहे ते उघडं पडतं. इतकी वर्षं बिनमीटरच्या शेतीपंपांचा वापर अंदाजानं धरायचा आणि बाकीची गळती त्या अंदाजाखाली झाकायची, अशी ओरड ग्राहक संघटना करत आल्यात.

काळी_माती

आवडणार न्हाई कशाला? उलट आवडलं! चोरी कुणाची आणि नाव शेतकऱ्याचं, हे आम्हीच वरडून सांगतोय. लावा डीपीला मीटर. मग कळंल ऊस किती पितो आणि बाकीचं कोण पितंय. आमच्या साडेसात एचपीपर्यंतच्या पंपाला २०२४ पासून बिल न्हाई, पण फुकटं पाहिजे असं न्हाई, दिवसा पाहिजे. सौर कृषी वाहिनीचा प्रकल्प ज्या फीडरवर आला तिथली पोरं दिवसा पाणी पाजून संध्याकाळी घरी जेवत्यात. सूर्य असतोय तवाच पंप चालवायचा, भट्टीवाल्यांची दुपारची गोष्ट तीच ही. आमच्या फीडरवर अजून आला न्हाई. पाव्हण्याच्या गावात बघून आलोय.

रविवारची_मिसळ

एक भाबडा प्रश्न. २०१२ ला दिल्ली-बिल्ली सगळं अंधारात गेलं होतं, तेव्हा आपल्याकडे लाईट होती. मग आपली ग्रिड तेव्हापासूनच स्मार्ट होती का?

पिन_इन्सुलेटर

स्मार्ट नव्हती, वाचली. ३० आणि ३१ जुलै २०१२. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशा तीन ग्रिड पडल्या, साठ कोटींवर लोक अंधारात. आपली पश्चिम ग्रिड वेगळी पडून टिकून राहिली. आम्ही कंट्रोल रूममध्ये फ्रिक्वेन्सीचा काटा बघत चहा गार करत बसलो होतो. काटा ५० हर्ट्झच्या आसपास राहिला पाहिजे, देशातली वीज आणि देशाची मागणी क्षणोक्षणी जुळली पाहिजे, एवढाच सगळा खेळ. पुढं ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर–सोलापूर ७६५ केव्ही लाईननं दक्षिण ग्रिडही जोडली गेली आणि अख्खा देश एका काट्यावर आला.

नंतरचा किस्सा ५ एप्रिल २०२०. रात्री नऊला नऊ मिनिटं दिवे घालवायचे होते. मागणी एकदम सुमारे ३१ हजार मेगावॅटनं खाली गेली आणि नऊ मिनिटांनी परत वर. कोळशाचं केंद्र इतक्या चपळाईनं वाकत नाही, पाण्याची केंद्रं वाकतात. आपल्या शेजारचं १,९६० मेगावॅटचं कोयना अशाच कामाचं. म्हणजे लोकांनी एकदम दिवे घालवले तरी ग्रिडला घाम फुटतो. सांजवातताई दुपारी इस्त्री करतात त्याला म्हणूनच मी हसत नाही. एक इस्त्री काही नाही, पण कोल्हापुरात इस्त्र्या किती आहेत?

तिखट_भडंग

इस्त्रीवरून थेट कोयनेला! काका, मानलं.

पण मला अजून एक खुपतंय. हे सगळे फायदे ग्रिडचे, मीटर माझ्या दारात, आणि मीटरचा खर्च फिरून दरातून माझ्याच डोक्यावर. केंद्र सरकारच्या २०२१ च्या योजनेत २५ कोटी मीटर प्रीपेड बसवायचे ठरलं होतं. इथं लोक रस्त्यावर उतरले, मग २०२४ मध्ये सामान्य ग्राहकांना प्रीपेड नाही असं जाहीर झालं. आता मीटर तोच, बिल नंतर येणार एवढंच. उद्या एक बटण दाबून प्रीपेड करणार नाहीत कशावरून? (यापुढे दोन ओळी राजकारणावर होत्या, माझ्या मीच काढल्या. संपादक, बघा, सुधारतोय.)

संपादक

बघितलं. धन्यवाद.

भट्टीवाला

भडंग, तुमची शंका रास्त आहे. माझं मत सांगतो. वेळेनुसार दर, व्होल्टेजची नोंद, आचक्याचा संदेश, या कशालाच प्रीपेड लागत नाही. प्रीपेडचा फायदा कंपनीच्या वसुलीला आहे. दोन्ही गोष्टी एकाच पुडक्यात बांधल्या म्हणून लोक पुडकंच फेकून द्यायला निघाले. दुकानदाराला विचारा, चांगला माल खपवायचा असेल तर त्याच्याबरोबर न खपणारा माल बांधू नये.

सांजवात

पंधरा दिवसांनी परत येतेय. काकांचं वाचून मी तक्रारीत नुसतं "लाईट जाते" न लिहिता, आमच्या बाजूच्या चार घरांचे ग्राहक क्रमांक, तारखा आणि वेळा लिहून दिल्या आणि "या वेळी या मीटरांनी काय संदेश दिला ते काढून दाखवा" असं लेखी मागितलं. काउंटरवरच्या मुलीनं दोनदा वाचलं, आत गेली. तिसऱ्या दिवशी दोघं शिडी घेऊन आले. डीपीतला आमच्या फेजचा फ्यूज तार गुंडाळून बसवलेला होता, तो आणि त्याच्यामागचा जळका लग (तार जोडायचं टोक) बदलला. तेव्हापासून लाईट गेलेली नाही. संदेशाची प्रत मात्र अजून दिलेली नाही. परत मागणार आहे.

भडंग, तुमच्या चेक मीटरचं काय झालं?

तिखट_भडंग

सांगायचं नव्हतं, पण विचारलंत म्हणून.

पंधरा दिवस दोन्ही मीटर शेजारी शेजारी. जुना म्हणतो १६८, नवा म्हणतो १६९. मग पुण्याच्या भावानं सांगितलं तसा आलेख काढला. रात्री दोन ते चार, घर झोपलेलं, तरी युनिट पडताहेत. एकेक बटण बंद करत गेलो. मागच्या खोलीत काकांकडून मे महिन्यात आणलेला जुना फ्रीज. दाराचं रबर गेलेलं, कॉम्प्रेसर चोवीस तास घुर्रर्र. तासाला ०.१८ युनिट. दिवसाला सव्वाचार, महिन्याला १३०. मेचं बिल २१० आणि जुलैचं ३४०, हिशेब तंतोतंत बसला. मीटर आला जूनमध्ये, फ्रीज आला मेअखेरीस, आणि शिव्या खाल्ल्या मीटरनं.

तरी माझी तक्रार मी मागे घेत नाही. हा आलेख त्यांच्याकडे पहिल्या दिवसापासून होता. "पावसाळ्यात वापर वाढतो" असं म्हणायच्या ऐवजी काउंटरवरच्या माणसानं पडदा माझ्याकडे फिरवला असता तर दोन मिनिटांत विषय मिटला असता.

सांजवात

आणि फ्रीज? बंद केलात ना?

तिखट_भडंग

आई करू देत नाही. त्यात आमरसाचे चौदा डबे आहेत.

काळी_माती

मग दुपारी चालवा. ८० पैसे सुटतील.